रसायनशास्त्राची स्थानिक संघटना विद्यार्थ्याला नेमकं काय देते? (बॉस्टनचा अनुभव, आणि आपल्याकडचे प्रश्न)

चार्ल्सकाठ

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला होता. ती साताऱ्यात टीवाय बीएस्सीला आहे, रसायनशास्त्र घेऊन. म्हणाली, "मावशी, तू त्या केमिकल सोसायटीचं काम करतेस ना, त्यातून मुलांना काय मिळतं?" मी सवयीनं शिष्यवृत्ती, परिषद, प्रमाणपत्र असं सांगून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मात्र मनात राहिलं की मला जे मिळालं ते यातलं काहीच नव्हतं. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून धागा काढतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन केमिकल सोसायटी १८७६ साली न्यू यॉर्कमध्ये स्थापन झाली आणि पहिली काही वर्षं ती बरीचशी न्यू यॉर्कच्या लोकांचीच राहिली. सभा तिथे, मंडळी तिथली. इतर गावांतल्या रसायनज्ञांना तिचा फारसा उपयोग नव्हता. त्यातून स्थानिक विभागांची कल्पना आली. पहिला विभाग १८९१ मध्ये ऱ्होड आयलंडला निघाला, आमचा बॉस्टनचा (त्याला नॉर्थईस्टर्न सेक्शन म्हणतात) १८९८ मध्ये. आज असे १८० हून जास्त विभाग आहेत. सोसायटीचे सभासद झालात की पत्त्यावरून तुमचा विभाग आपोआप ठरतो. विभागाचं काम करणारे बहुतेक सगळे बिनपगारी: कुणी प्राध्यापक, कुणी औषध कंपनीत, कुणी निवृत्त. दिवसाची नोकरी संपवून संध्याकाळी येतात.

मी पीएचडीसाठी इथे आले आणि पहिलं वर्ष प्रयोगशाळा ते खोली, खोली ते प्रयोगशाळा एवढंच केलं. २०१०च्या ऑक्टोबरात शेजारच्या बेंचवरची मुलगी मला विभागाच्या मासिक सभेला ओढून घेऊन गेली. या सभा सप्टेंबर ते मेपर्यंत असतात. साडेपाचच्या सुमारास गप्पा, मग जेवण, मग व्याख्यान. तेव्हा जेवणाचे सभासदांना तीस डॉलर होते, विद्यार्थ्यांना दहा. नुसतं व्याख्यान ऐकायचं तर पैसे नाहीत. त्याच महिन्यात हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना नोबेल जाहीर झालं होतं, पॅलॅडियम या धातूच्या मदतीनं कार्बनचे अणू जोडण्याबद्दल, त्यामुळे सगळीकडे पॅलॅडियमचाच विषय चालला होता. माझं दुखणंही नेमकं तेच. माझं सुझुकी कपलिंग, म्हणजे तसलीच एक जोडणी, दोन महिने चालत नव्हतं.

टेबलावर शेजारी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. कुठली युनिव्हर्सिटी, कुठला गाईड, काहीच विचारलं नाही. विचारलं ते, "या आठवड्यात फ्लास्कमध्ये काय आहे?" मी रडकथा सांगितली. त्यांनी लिगंड (पॅलॅडियमला चिकटून त्याला कामाला लावणारा रेणू) कुठला ते विचारलं. मी म्हटलं, ट्रायसायक्लोहेक्सिलफॉस्फीन. बाटली कधी उघडली? माहीत नाही, माझ्या आधीपासूनची आहे. ते म्हणाले, "उद्या सकाळी दुसरं काहीही करायच्या आधी त्याचा फॉस्फरस एनएमआर काढ." काढला. (एनएमआर वेगवेगळ्या रेणूंची आलेखावर वेगवेगळी शिखरं दाखवतो.) जिथे एक शिखर हवं तिथे दोन होती, आणि ऑक्साइडचं मोठं होतं. बाटलीतला फॉस्फीन हवेनं कधीच ऑक्सिडाइज झाला होता. नवी बाटली मागवली, आठवड्याभरात रिअ‍ॅक्शन चालली.

आता हे माझ्या गाईडना कळलं नसतं का? कळलं असतं. पण मी त्यांच्याकडे गेले नसते. "मला जमत नाही" असं त्यांना सांगायची भीती वाटायची. त्या टेबलावर भीती वाटली नाही, कारण त्या माणसाच्या हातात माझे मार्क नव्हते. संघटनेनं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. नंतर मी बारा वर्षं तिचं काम केलं ते याच्या ऋणातून.

बाकीच्या गोष्टी आहेतच. बीएस्सीच्या पातळीवरच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधन करता यावं म्हणून विभाग नॉरिस-रिचर्ड्स शिष्यवृत्ती देतो. थिओडोर रिचर्ड्स म्हणजे अणुभारांच्या अचूक मोजणीसाठी १९१४चं नोबेल मिळालेले हार्वर्डचे रसायनज्ञ, अमेरिकेचे या विषयातले पहिले. जेम्स नॉरिस एमआयटीचे. यात मला आवडतं ते पुढचं बंधन: उन्हाळा संपला की विद्यार्थ्यानं आपल्या कामाचा अहवाल लिहायचा, तो विभागाच्या 'न्यूक्लियस' या मासिकात छापण्यासाठी. आणि वसंतातल्या विद्यार्थी संशोधन परिषदेत ते काम मांडायचं. म्हणजे पैसे घेतले आणि विषय संपला, असं होत नाही. वीस वर्षांच्या मुलाचं नाव छापून येतं आणि ते मासिक विभागातल्या सगळ्या सभासदांकडे जातं.

ही एक दिवसाची परिषद तरुण रसायनज्ञांची समिती भरवते. व्याख्यानांची निवड, खोल्या, पोस्टरचे फळे, जेवण, सगळं पीएचडीची मुलं बघतात. मी दोन वर्षं त्यात होते. प्रयोगशाळेत जे कधीच शिकले नसते ते तिथे शिकले: हिशेब ठेवणं, एखाद्या मोठ्या माणसाला पत्र लिहून बोलावणं, आणि त्यानं नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारणं.

ऑक्टोबरात राष्ट्रीय रसायन सप्ताह असतो. २३ ऑक्टोबर हा मोल दिवस, अ‍ॅव्होगाड्रो संख्येतल्या दहाच्या तेविसाव्या घातावरून. त्या आठवड्यात कॉलेजची मुलं विज्ञान संग्रहालयात लहानग्यांना प्रयोग करून दाखवतात. लाल कोबीच्या रसानं आम्ल-अल्क ओळखणं, असले साधेच. आठ वर्षांच्या मुलाला पीएच समजावता आला की तो स्वतःलाही समजतो.

मला विचारायचंय ते हे: आपल्याकडे तुम्हाला असं काही मिळालं का? आणि नसेल तर छोट्या गावात काय करता येईल? भाचीला काय सांगू?

पिपेट

लेख मनापासून आवडला. फॉस्फीनचा किस्सा तर आमच्या सगळ्या लॅबला वाचून दाखवला.

पण ताई, एक शंका. बॉस्टनमध्ये हार्वर्ड आहे, एमआयटी आहे, केंब्रिजच्या एका चौकात आपल्या अख्ख्या जिल्ह्यात नसतील इतक्या औषध कंपन्या आहेत. तिथे संध्याकाळच्या जेवणाला कुणी तरी जाणकार शेजारी बसणारच. मी लातूरकडच्या कॉलेजात शिकलो. आमच्या शेजारी कोण बसणार होतं?

माटुंगा८१

मी यूडीसीटीचा जुना विद्यार्थी (मुंबईची रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, १९३३ची, आता आयसीटी म्हणतात). आमच्याकडे टेक्नॉलॉजिकल असोसिएशन म्हणून विद्यार्थ्यांची संघटना होती आणि अजूनही आहे. 'बॉम्बे टेक्नॉलॉजिस्ट' हे नियतकालिक मुलंच काढत. मी त्यात रंगद्रव्यांवर एक लेख लिहिला होता. त्याची मुद्रितं तपासताना एका सीनियरनं मला रचनासूत्रं सरळ रेषेत काढायला शिकवलं. पुढे चाळीस वर्षं पेटंटचे मसुदे लिहून पोट भरलं, त्याची सुरुवात त्या मुद्रितांत आहे.

चार्ल्सकाठ, तुम्ही छापील अहवालाचं लिहिलंत ते अगदी पटलं. मुलांना व्यासपीठ द्या असं सगळे म्हणतात. पण व्यासपीठावर दहा मिनिटं बोलून उतरता येतं. छापायचं म्हटलं की प्रत्येक आकडा पुन्हा तपासावा लागतो.

बेन्झीनवलय

आपल्याकडे काहीच नाही असं नाही, म्हणून लिहितेय. मी नांदेडची. बीएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात एनआययूएसच्या शिबिराला गेले होते. पदवीच्या मुलांसाठीचा हा उपक्रम २००४ पासून आहे. तिथे पहिल्यांदा कळलं की प्रयोगाचं उत्तर आधीच माहीत नसू शकतं. आमच्या कॉलेजात मिठाच्या विश्लेषणात कुठलं मीठ आलंय ते शिपाईकाकांना विचारून लिहायची पद्धत होती. मानखुर्दला ज्यांनी प्रश्न दिला त्यांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. ती पहिली रात्र मी झोपू शकले नाही, इतकं छान वाटत होतं.

त्याच केंद्रात असोसिएशन ऑफ केमिस्ट्री टीचर्स या शिक्षकांच्या संघटनेचं मुख्यालय आहे. ऑलिंपियाडची पहिली चाळणी म्हणून बारावीपर्यंतच्या मुलांची जी परीक्षा होते, ती भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची संघटना घेते, रसायनशास्त्राच्या या संघटनेच्या सहकार्यानं. २००१ साली आंतरराष्ट्रीय रसायन ऑलिंपियाड मुंबईत भरलं होतं, हे किती जणांना माहीत असेल?

पण अडचण अशी की हे सगळं निवडक मुलांसाठी. माझ्या वर्गातून मी एकटी गेले. परत आले तेव्हा ज्यांच्याशी यावर बोलावं असं कुणीच नव्हतं.

ऱ्हाइनवरून

जर्मनीहून. माझी पीएचडी संपत आलीये. मूळ गाव इचलकरंजी.

धाग्यात बॉस्टन वाचून राहवलं नाही. जर्मन केमिकल सोसायटीची एक तरुण शाखा आहे, १९९७ मध्ये युंगकेमिकरफोरम या नावानं सुरू झालेली. जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यापीठात तिचा स्थानिक गट असतो. या तरुण शाखेची आणि तुमच्या नॉर्थईस्टर्न सेक्शनच्या तरुण समितीची २००१ पासून देवाणघेवाण चालते. एकदा इकडची मुलं बॉस्टनला जातात, एकदा तिकडची इकडे येतात. बॉस्टनहून आलेल्या दोघांना मी माझ्या खोलीवर ठेवून घेतलं होतं. एकाला पिठलं-भाकरी करून घातली. भाकरी म्हणजे इथल्या बाजरीच्या पिठाचीच, तुटत होती, पण त्यानं आवडीनं खाल्ली.

आमच्या गटात आठ-दहा जण आहोत. वर्षाला दोन कारखान्यांना भेटी, चार-पाच व्याख्यानं, आणि नव्यानं आलेल्या मुलांसाठी एक संध्याकाळ. मोठं काम म्हणजे वसंत परिसंवाद. तो दर वर्षी वेगळ्या गावात होतो आणि त्या गावच्या गटातली मुलंच तो उभा करतात. आमच्या गावात झाला तेव्हा दीड वर्ष आधीपासून तयारी होती. प्रायोजक शोधण्यापासून गळ्यातल्या ओळखपट्ट्यांपर्यंत.

मला याचा फायदा कुठे झाला ते सांगतो. इथे पीएचडीनंतर कंपनीत जायचं तर काय करायचं, हे परदेशी मुलाला कुणी आपणहून सांगत नाही. सोसायटीची मार्गदर्शक जोडून देण्याची एक योजना आहे, चेमेंटो नावाची. उद्योगात वर्षानुवर्षं काम केलेला माणूस वर्षभर तुमच्याशी बोलतो. आमच्या गटातल्या एका मुलीला तिच्या मार्गदर्शकानं पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुझ्या अर्जात तू बनवलेली संयुगं आहेत, तू सोडवलेले प्रश्न कुठे आहेत?" तिनं आमच्यापुढे ते वाक्य म्हणून दाखवलं आणि आम्ही सगळ्यांनी आपापले अर्ज पुन्हा लिहिले.

पिपेट, तुमची शंका रास्त आहे. पण हा खर्च बघा. आमचा स्थानिक गट वर्षभरात जेवढा खर्च करतो त्यातला निम्मा कॉफी आणि ब्रेडवर जातो.

वाशिष्ठी

मी चिपळूणच्या बाजूला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, बावीस वर्षं झाली. धागा दोनदा वाचला. मोकळेपणानं लिहितो.

आमच्याकडे 'केमिस्ट्री असोसिएशन' असते. बहुतेक कॉलेजांत असते. ऑगस्टमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या जयंतीच्या सुमारास, म्हणजे २ तारखेला, उद्घाटन होतं. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भित्तिपत्रकाचं अनावरण. मुली आवर्तसारणीची रांगोळी काढतात आणि ती खरोखर सुंदर असते. फोटो निघतात, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला लागतात. त्यानंतर पुढच्या ऑगस्टपर्यंत काही होत नाही. याला मीही तितकाच जबाबदार आहे. ज्या राय यांनी १९२४ साली इंडियन केमिकल सोसायटी उभी केली, ज्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेतलं, त्यांच्या नावानं आम्ही वर्षातून एक तास काढतो.

पिपेट, तुम्ही विचारलंत की शेजारी कोण बसणार. मी हाच विचार करत होतो आणि मग लक्षात आलं. आमच्यापासून तासाभरात लोटे परशुरामची एमआयडीसी आहे. रसायनांचे कारखाने, सांडपाण्याचं सामायिक शुद्धीकरण केंद्र, सगळं. आमच्या कॉलेजातली किती तरी मुलं तिथे क्यूसीत (मालाच्या दर्जाच्या तपासणीत) आणि प्लँटवर शिफ्टला आहेत. एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) त्यांनी पहिल्यांदा तिथेच पाहिला, कारण आमच्याकडे तो नाही. ती मुलं रोज माझ्या घरावरून कंपनीच्या बसनं जातात आणि मी त्यांना वर्गात एकदाही बोलावलेलं नाही.

एकदा एका कंपनीला भेटीसाठी पत्र दिलं होतं, उत्तर आलं नाही. त्यानंतर मी नाद सोडला. कंपनीला पत्र देण्याऐवजी माझ्याच माजी विद्यार्थ्याला रविवारी चहाला बोलवायला हवं होतं, हे बॉस्टनचं वाचून सुचावं याचं वाईटही वाटतं आणि बरंही.

चार्ल्सकाठ, मला नेमकं सांगा. पहिली सभा घ्यायची तर काय करायचं आणि काय टाळायचं?

चार्ल्सकाठ

वाशिष्ठी सर, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. मला जे कळलंय ते सांगते, तुम्ही तुमच्या गावाप्रमाणे बदला.

पहिली गोष्ट, पाहुण्याला भाषण करायला लावू नका. त्याला त्याच्या कामातला एक फसलेला प्रयोग घेऊन यायला सांगा. यशाची भाषणं मुलं ऐकून घेतात, फसलेल्या प्रयोगावर ती स्वतः बोलायला लागतात. आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी अशाच होत्या.

दुसरी, खुर्च्या गोल मांडा. आणि एका गटात दोन शिक्षक नकोत. एखादी एफवायची मुलगी, एखादा टीवायचा मुलगा, एक बाहेरचा माणूस. शिक्षकानं तेवढा वेळ चहा बघावा. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. शिक्षक समोर असला की मुलं त्याच्याकडे बघूनच उत्तर देतात.

तिसरी, मुलांना काम द्या. इथे कॉलेजांत सोसायटीचे विद्यार्थी गट असतात. बरेच गट नव्या मुलांना अ‍ॅप्रन आणि गॉगल विकून पैसे उभे करतात आणि वर्षाचा उपक्रमांचा अहवाल मुख्य सोसायटीला पाठवतात. त्यावरून उत्कृष्ट गटांची दखल घेतली जाते, हरित रसायनशास्त्राचं काम केलं तर वेगळी. अहवाल लिहिणारी मुलं असतात, सही तेवढी शिक्षकाची.

पैशाबद्दल. विभागाला मुख्य सोसायटीकडून सभासद-वर्गणीतला काही वाटा मिळतो, हे खरं. पुरस्कारांसाठी जुन्या देणग्याही आहेत. समाजाच्या हिताचं रसायनशास्त्र करणाऱ्यांसाठी आमच्या विभागाचा एसेलेन पुरस्कार आहे. १९८७ साली पहिला पुरस्कार रोलंड आणि मोलिना यांना दिला, ओझोनच्या थराला क्लोरोफ्लुरोकार्बन कसे खातात हे दाखवल्याबद्दल. त्यांना नोबेल मिळालं १९९५ मध्ये. असं एखादं व्याख्यान वीस वर्षांच्या मुलाला फुकट ऐकायला मिळणं ही पैशानं येणारी श्रीमंती आहे, ती मी नाकारत नाही. पण माझा फॉस्फीन ज्यांनी सोडवला त्यांना त्या रात्री कुणी काही दिलं नव्हतं. उलट त्यांनी जेवणाचे तीस डॉलर स्वतःच्या खिशातून भरले होते.

बेन्झीनवलय, "परत आले तेव्हा बोलायला कुणी नव्हतं" हे तुझं वाक्य मला दिवसभर सुटलं नाही. सर, तुमच्या भागातली अशी शिबिराहून परतलेली मुलं आधी शोधा.

एसवाय_मीठ

नमस्कार. मी फक्त वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं. वर्गात प्रश्न विचारायचा तर आधी मनात इंग्रजीत वाक्य जुळवते, तोवर तास संपतो. अशा सभेत मी बसले तर मला काही बोलता येईल का? आणि पोस्टर वगैरे करायचं तर छापायला खूप पैसे लागतात ना?

चार्ल्सकाठ

येईल. मी साताऱ्याच्या मराठी शाळेतली. त्या पहिल्या टेबलावर मी फ्लास्क, लिगंड आणि "नॉट वर्किंग" एवढंच बोलले होते. रसायनशास्त्रातलं निम्मं बोलणं कागदावर षटकोन काढून होतं. हातात पेन ठेव. आणि तुझ्या सभेत मराठीच बोलायची असेल तर इंग्रजीचं ओझं कशाला? मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीतून सांगतेय. कपलिंगला कपलिंग म्हण, बाकीचं वाक्य आपल्या भाषेत कर.

वाशिष्ठी

पोस्टरचं मी सांगतो. साधा कार्डशीट आणि स्केचपेन. छापलेलं पोस्टर लांबून छान दिसतं, हातानं काढलेल्यात चूक सापडली तर तिथल्या तिथे खोडता येते.

माटुंगा८१

मुंबईकरांसाठी एक पुरवणी. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे भारतात स्थानिक विभाग आहेत, त्यातला पश्चिम भारताचा मुंबईत. त्यांच्या व्याख्यानांवर लक्ष ठेवा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. त्यांच्या सूचना बघत जा. व्याख्यान संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. खरी बोलणी जिन्यात होतात.

वाशिष्ठी

तीन आठवड्यांनी लिहितोय. सभा झाली.

शनिवारी चारला ठेवली होती. सत्तावीस मुलं आली. मला दहांची आशा होती. लोट्याहून माझा जुना विद्यार्थी आला, आता क्यूसीत आहे. चार्ल्सकाठांनी सांगितल्याप्रमाणे भाषण नको म्हटलं. त्यानं तीन क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखांच्या, छापील प्रती आणल्या, कंपनीचं आणि मालाचं नाव कात्रीनं कापून. म्हणाला, "यातला एक बॅच आम्ही परत पाठवला. कुठला, ते तुम्ही सांगा."

पंधरा मिनिटं कुणी काही बोलेना. मी चहाकडे होतो आणि मधे बोलायचा मोह आवरत होतो. मग एफवायची एक मुलगी, जिचा आवाज मी वर्षभरात ऐकलेला नाही, म्हणाली की दुसऱ्या कागदावरच्या मोठ्या शिखराला खांदा आहे. डोंगराला सुळका असतो तसा. त्यानं विचारलं, मग काय? ती म्हणाली, त्यात दोन पदार्थ मिसळलेले असतील. तिनं एचपीएलसीचं यंत्र पाहिलेलंसुद्धा नाही. त्यानंतर मुलं सुटलीच. कॉलम जुना असेल तर? दोन्ही वेगळे कसे करायचे? तो माल परत आल्यावर कुठे जातो? हा शेवटचा प्रश्न कोतवलीच्या मुलाचा होता. त्याच्या घरचे खाडीवर मासेमारी करतात. माझा विद्यार्थी थोडा थांबला आणि म्हणाला, याचं उत्तर देणाऱ्याला मी पुढच्या वेळी घेऊन येतो. पुढची सभा सांडपाण्यावर आहे. सीओडी, म्हणजे सांडपाण्यातली घाण सांगणारा आकडा, काय असतो, तो कसा मोजतात आणि आकडा जास्त आला की पुढे काय होतं. डायक्रोमेटचं टायट्रेशन आमच्याच प्रयोगशाळेत करून दाखवणार, टाकाऊ डायक्रोमेट कुठे ठेवायचा त्यासकट.

सहाला संपवायचं होतं, पावणेआठ झाले. ती क्रोमॅटोग्रामची पानं मुलांनी भिंतीला लावून ठेवलीयेत. भित्तिपत्रकाची जागा त्यांनीच मोकळी केली.

पिपेट

सर, मी माझी शंका मागे घेतो. आमच्याकडे साखर कारखाना आहे. त्याच्या लॅबमधले केमिस्ट दर दोन तासांनी रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचं प्रमाण) काढतात. माझा चुलतभाऊच तिथे आहे. हंगाम सुरू व्हायच्या आत कॉलेजात जाऊन सरांना भेटतो.

बेन्झीनवलय

मी आता पुण्यात आहे. चिपळूणच्या मुलांनी पोस्टर केली तर त्यांचे फोटो इथे टाका, मी रात्री वाचून टिपण देईन. खोटी स्तुती करणार नाही.

चार्ल्सकाठ

मीही. शनिवारी माझी सकाळ तुमची संध्याकाळ असते. साडेपाचला तुमच्या चहाच्या वेळी मी व्हिडिओवर येते, इथे तेव्हा सकाळचे आठ. पण प्रश्न मुलांनी आधी लिहून पाठवायचे नाहीत. तिथल्या तिथे विचारायचे.

षटकोन

नमस्कार, मी ती भाची. मावशीनं हा धागा पाठवला. सांडपाण्याच्या सभेला बाहेरच्या कॉलेजची मुलं आलेली चालतील का? मी आणि माझी मैत्रीण कृष्णेच्या पाण्याचा कठीणपणा ईडीटीए या रसायनानं मोजतोय, पाच ठिकाणचा. त्याचं पोस्टर केलंय. तिसऱ्या ठिकाणचा आकडा दर वेळी वेगळा येतो आणि का ते कळत नाही.

वाशिष्ठी

चालतील म्हणजे काय, याच. आणि तो तिसरा आकडा खोडू नका, तसाच आणा. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं एसटी येते. स्टँडवर माझी एफवायची दोन मुलं थांबतील. घाटात पाऊस असतो, पोस्टर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आण.